आधी आख्खं गाणं ऐका, मग नंबर द्या : ‘ग्रेटेस्ट गिटार सोलो’च्या याद्या करणाऱ्यांना खुलं पत्र

समस्त यादीवाल्यांना,

म्हणजे मुंबईतल्या रॉक क्विझवाल्यांना, पबमध्ये क्लासिक रॉक नाइट लावणाऱ्यांना, गिटार क्लासच्या सरांना-मॅडमना, कॉलेज फेस्टमध्ये ‘बेस्ट गिटारिस्ट’ ठरवणाऱ्या जजेसना, आणि अधूनमधून ‘ऑल टाइम टॉप टेन सोलो’ जाहीर केल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही त्या सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या याद्या दिसल्या की मी हातातलं काम ठेवून वाचतो. काही लोक म्हणतात संगीताला कसले नंबर लावता, ही काय घोड्यांची रेस आहे का. मला ते अजिबात पटत नाही. नंबर लावावेतच. नंबर लावला की माणसाला बाजू घ्यावी लागते, बाजू घेतली की समोरचा कारण विचारतो, आणि कारण द्यायचं तर गपचूप घरी जाऊन ते गाणं परत लावून ऐकावं लागतं, आणि त्या परत ऐकण्यातच सगळा फायदा आहे. तेव्हा भांडण नंबरांशी नाहीये. भांडण एवढंच आहे की सोलो, म्हणजे गाण्यात गायक थांबतो आणि गिटार पुढे येऊन वाजते तो भाग, तुम्ही गाण्यातून उपटून बाहेर काढता आणि मग त्याचं वजन करता. तीस सेकंदांची क्लिप, वर कॅप्शन, खाली नंबर. असं ऐकून सोलो कळत नाही, फक्त बोटं दिसतात.

सगळ्यांच्या लाडक्यापासूनच सुरू करतो. लेड झेपलिन बँडचं स्टेअरवे टू हेवन, १९७१. ‘गिटार वर्ल्ड’ मासिकाची ती गाजलेली जुनी यादी आठवत असेल, पहिला स्टेअरवे, दुसरा इरप्शन, तिसरा फ्री बर्ड, चौथा कम्फर्टेबली नंब, पाचवा ऑल अलाँग द वॉचटॉवर. आपल्याकडच्या बहुतेक याद्या अजून तीच पाच नावं मागेपुढे करून चालतात. आता स्टेअरवे पहिला का, असं विचारलं की उत्तर येतं, झेपलिनचा गिटारिस्ट जिमी पेज बाप माणूस आहे. अरे ते मान्य आहे, पण सोलोबद्दल बोला ना. ते गाणं आठ मिनिटांचं आहे आणि सोलो येतो जवळजवळ सहा मिनिटं होत आल्यावर. तोपर्यंत काय काय होऊन गेलंय बघा, सुरुवातीला नुसती अकूस्टिक गिटार आणि रेकॉर्डर नावाची बासरी, गाणं बसल्या जागी हळूच बोलतंय, जॉन बॉनमचे ड्रम्स तर चार मिनिटं उलटल्यावर येतात, चार मिनिटं इतका तगडा ड्रमर हातावर हात ठेवून बसलाय, मग बारा तारांच्या गिटारचे ते भरघोस कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, घुमतात, दार उघडतं, आणि पेज आत शिरतो. खाली कॉर्ड तीनच, ए मायनर, जी, एफ, फिरून फिरून तेच. आणि तो सोलो संपतो तेव्हा गायक रॉबर्ट प्लांट वरच्या पट्टीत असा काही सुटतो की सुरुवातीचं मवाळ गाणं हेच होतं का असा प्रश्न पडावा. म्हणजे शांत गाण्याचं आक्रमक गाणं व्हायला जो पूल लागतो तो पूल म्हणजे हा सोलो. फक्त सोलोची क्लिप ऐकली तर पेंटाटॉनिकमध्ये, म्हणजे पाच सुरांच्या सप्तकात, छान वाजवलेलं काहीतरी एवढंच हाती लागतं. पेजने तो स्टुडिओत थोडेच टेक वाजवून त्यातला एक उचलला, आणि तोही लेस पॉल गिटारवर नाही, दुसरा गिटारिस्ट जेफ बेक याने दिलेल्या टेलिकास्टर गिटारवर. स्टेजवरची ती दोन मानांची गिटार बघून बऱ्याच जणांचा भलताच समज झालेला असतो.

आणि हा माणूस १९७२ साली आपल्या मुंबईत होता, हे आपल्यातल्या किती जणांना माहितीये? पेज आणि प्लांट दोघं इथे आले, इथल्या वादकांना घेऊन ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही गाणी रेकॉर्ड केली, आणि कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या छोट्याशा डिस्कोमध्ये वाजवून पण गेले. स्टेअरवेची रेकॉर्ड येऊन वर्ष पण झालं नव्हतं. ती मुंबईची रेकॉर्डिंग्ज २०१५ साली अधिकृतपणे बाहेर आली. तबला-सारंगीच्या संगतीत पेजची गिटार कशी वागते ते ऐका एकदा. क्विझमध्ये हा प्रश्न टाका हवं तर, पण उत्तर सांगून झाल्यावर ते वाजवा पण.

आता दुसरी तक्रार, आणि ही जरा रागाने लिहितोय. यादीत नुसतं ‘कम्फर्टेबली नंब’ लिहून तुम्ही मोकळे होता. कुठला सोलो? त्या गाण्यात दोन आहेत! आणि दोघांचं काम पूर्ण वेगळं आहे. गाणं आहे पिंक फ्लॉइड बँडच्या १९७९ च्या ‘द वॉल’ अल्बममधलं. एक खचलेला रॉकस्टार, शोच्या आधी त्याला कसंतरी उभं करायला आलेला डॉक्टर. डॉक्टरच्या ओळी रॉजर वॉटर्स गातो, ते मायनरमधले थंड कॉर्ड, बी मायनर. आणि आजारी माणसाच्या डोक्यात लहानपणीचं जे काही तरळतंय ते डेव्हिड गिल्मर गातो, तिथे गाणं डी मेजरमध्ये उघडतं. पहिला सोलो येतो तो या उघडलेल्या, उजेडाच्या कॉर्डवर. छोटासा, गोड, जणू आठवणच पुढे चालू आहे. आणि दुसरा, शेवटचा, सगळे शब्द संपल्यावर येतो आणि येतो तो कुठल्या कॉर्डवर? डॉक्टरच्या! त्या थंड बी मायनरवर. आता तिथे कोणी काही विचारत नाहीये, कोणी उत्तर देत नाहीये, नुसती गिटार आहे, आणि ती फेड होईपर्यंत, म्हणजे आवाज विरून जाईपर्यंत, थांबत नाही. हे एकदा लक्षात आलं ना की तो सोलो नुसता ‘इमोशनल’ राहत नाही, तो गोष्टीचा शेवट होतो. माझ्या यादीत दुसरा सोलो फार वर आहे आणि पहिला पण आहे पण बराच खाली. दोघांना एका रांगेत एका नंबरवर उभं करणं हा दोघांवरही अन्याय आहे.

गिल्मरने पाच-सहा सोलो वाजवले, मग प्रत्येकातल्या चांगल्या जागा खुणा करून निवडल्या आणि त्या जोडून एक सोलो केला, हे त्यानेच सांगितलंय. यावर एका गिटार क्लासच्या सरांनी आमच्या ग्रुपसमोर ठणकावून सांगितलं होतं की मग ती चीटिंग झाली, खरा सोलो तो जो एका दमात निघतो. मला हे विधान तेव्हाही झोंबलं होतं आणि आजही झोंबतं. एका दमात निघालेला सोलो महान असू शकतो, सुचून-खोडून-जोडून केलेला पण असू शकतो, ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत जे पोचतं ते मोजा. आणि काय निवडायचं ते कळणं हीच तर निम्मी कला आहे, पाचात कुठली जागा ठेवायची आणि कुठली सोडायची हे ज्याला कळतं त्याचा कान किती तयार असेल!

याच्या पार दुसऱ्या टोकाला ईगल्स बँडचं हॉटेल कॅलिफोर्निया. मुंबईत या गाण्याचं नाव घेतलं की ‘सिरीयस’ लोक नाक मुरडतात, कारण प्रत्येक क्लासमध्ये शिकवतात, प्रत्येक लग्नाच्या बँडला येतं, प्रत्येक पबमध्ये फर्माइश होते. म्हणून ते यादीत खाली ढकलतात. लोकांनी एखादी गोष्ट डोक्यावर घेतली हा त्या गोष्टीचा दोष कधीपासून झाला? त्या सोलोचा प्रत्येक सूर ठरवून लिहिलेला आहे. बँडचा गिटारिस्ट डॉन फेल्डरने घरी केलेल्या डेमोत तो वाजवला होता, पुढे मायामीच्या स्टुडिओत तो आणि दुसरा गिटारिस्ट जो वॉल्श आपापल्या मनाचं वाजवायला लागले तेव्हा गायक-ड्रमर डॉन हेनलीने थांबवलं, डेमोत आहे तसंच पाहिजे म्हणाला. डेमोची कॅसेट राहिली होती घरी, मालिबूला. मग फेल्डरने घरी फोन लावला, काम करणाऱ्या बाईला कॅसेट लावून फोनचा रिसीव्हर टेपजवळ धरायला सांगितलं, आणि इकडे स्टुडिओत ते ऐकून सोलो परत बसवला. म्हणजे हेनलीला कळलं होतं की हा सोलो म्हणजे गाण्याचं शेवटचं कडवं आहे, ते बदलता येत नाही. आधी दोघं आळीपाळीने बोलतात, मग हळूहळू एकमेकांच्या ओळी पुऱ्या करायला लागतात, आणि शेवटी दोन्ही गिटार हार्मनीत एकत्र येऊन ते अर्पेजिओ, म्हणजे कॉर्डचे सुटे केलेले सूर, उतरत जातात, तेही फेड होत होत. ज्या हॉटेलातून निघता येत नाही त्या गाण्याला ‘संपलं’ असा शेवट नाहीच, तो विरत जातो.

आणि मी एक कसोटी लावतो, ती तुम्हाला पटो न पटो. लालबाग-परळच्या गणपतीच्या मिरवणुकीतली बेंजो पार्टी डोळ्यासमोर आणा. बेंजोवाल्याकडे शब्द नाहीत, गायक नाही, समोर ढोल-ताशाचा दणका, तरी पहिल्या चार सुरांत अख्ख्या गल्लीला कळतं कुठलं गाणं सुरू झालं. सोलो तसा पाहिजे. बँड काढून घ्या, अँप काढून घ्या, इफेक्ट काढून घ्या, नुसते सूर कुठल्याही वाद्यावर टाका, ओळखू आला पाहिजे. हॉटेल कॅलिफोर्नियाचं शेपूट ओळखू येईल. क्वीनच्या बोहेमियन ऱ्हॅप्सडीचा सोलो ओळखू येईल. निर्वाणाच्या स्मेल्स लाइक टीन स्पिरिटचा तर येईलच, कारण कर्ट कोबेनने तिथे कडव्याची गायलेली चालच जवळपास जशीच्या तशी गिटारवर काढलीये. १९९१ मध्ये, जेव्हा सगळे वेगाच्या मागे होते, तेव्हा या माणसाने सोलोत नुसती चाल वाजवली आणि खालून चिखलासारखा आवाज ठेवला. तुमच्यापैकी अर्ध्यांच्या याद्यांत हा सोलो नसतो, कारण ‘हे तर कोणीही वाजवेल’. वाजवेल हो, सुचलं एकालाच.

आता वेग. इथे मला जजेसशी बोलायचंय. मागे एका कॉलेजच्या फेस्टला गेलो होतो, कॉलेजचं नाव घेत नाही, घेऊन उपयोग पण नाही कारण सगळीकडे हेच चालतं. एका मुलीने तिच्या बँडबरोबर बीटल्सचं ‘समथिंग’ केलं, जॉर्ज हॅरिसनचं, १९६९ च्या ‘ॲबी रोड’वरचं. सोलो आला तेव्हा मी तिच्या डाव्या हाताकडेच बघत होतो. ती तार खेचून एकदम सुरावर नेत नव्हती, किंचित खाली ठेवून, जरा रेंगाळून मग वर नेत होती, आणि वर पोचल्यावर लगेच व्हायब्रेटो, म्हणजे कंप, न देता सूर आधी स्थिर होऊ द्यायची. हॅरिसन रविशंकरांकडे सतार शिकलेला माणूस, १९६८ च्या जानेवारीत आपल्या फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत येऊन ‘वंडरवॉल’ सिनेमाचं संगीत इथल्या वादकांबरोबर रेकॉर्ड करून गेलेला, त्याच्या वाजवण्यात दोन सुरांमधल्या वाटेला जी किंमत आहे ती त्या मुलीला बरोबर कळली होती. मागच्या रांगेतला गोंधळ पण थांबला तेवढ्यापुरता. तिच्यानंतर एक मुलगा आला, त्याने एका साध्या गाण्याच्या मध्येच दोन्ही हातांनी टॅपिंग, म्हणजे गिटारच्या मानेवरच तारांवर बोटं आपटून भराभर वाजवणं, सुरू केलं, गाण्याचा आणि त्याचा काही संबंध नव्हता, ड्रमर बिचारा कुठे परत शिरायचं ते शोधत राहिला. प्राइझ कोणाला मिळालं ते सांगायला नको. जज म्हणाले, टेक्निकल डिफिकल्टी. अहो, सुरावर उशिरा पोचून बरोबर पोचणं ही डिफिकल्टी नाही का? ती मोजायचं यंत्र नाही म्हणून ती नाहीच का?

वेगाशी माझं वाकडं नाही हे पण सांगून ठेवतो. डायर स्ट्रेट्स बँडचं सुल्तान्स ऑफ स्विंग, १९७८, शेवटाकडे मार्क नॉफ्लर जे झरझर अर्पेजिओ काढतो, पिक न वापरता नुसत्या बोटांनी, ते वेगातच शोभतं. पण तिथे पोचेपर्यंत तो गाण्याच्या प्रत्येक ओळीनंतर गिटारने एकेक उत्तर देत आलाय. गाणं आहे एका जॅझ बँडबद्दल ज्याच्याकडे कोणी लक्ष देत नाहीये, त्यातला एक गिटारवाला आहे ज्याला कॉर्ड सगळे येतात पण गिटारला रडवायचं-गायला लावायचं त्याला पडलेलं नाही, आणि ही गोष्ट सांगणारा नॉफ्लर मात्र तिला पूर्ण वेळ गायलाच लावतो. हे जोडून ऐका, मग शेवटचा वेग कुठून आला ते कळेल.

इरप्शन. यादीतला नेहमीचा नंबर दोन. एडी व्हॅन हेलन, १९७८, पावणेदोन मिनिटांच्या आत सगळं जग बदललं, मला पूर्ण मान्य. पण तो गाण्यातला सोलो नाही, ती स्वतंत्र रचना आहे, तिच्या आजूबाजूला गाणंच नाही. तिला स्टेअरवेच्या रांगेत लावायचं म्हणजे कोणाशी तुलना करणार? वाद्यसंगीताची वेगळी यादी करा आणि इरप्शन तिथे पहिला ठेवा, मी टाळ्या वाजवीन. नियम केला की तो सगळ्यांना लावायचा, म्हणून फंकाडेलिकचं ‘मॅगट ब्रेन’ पण बाहेर काढावं लागतं आणि ते काढताना माझा जीव तुटतो. १९७१, गिटारवर एडी हेझल, दहा मिनिटं. बँडचा म्होरक्या जॉर्ज क्लिंटनने त्याला सांगितलं होतं की आई गेल्याची बातमी आलीये असं समजून वाजव. रात्री कानाला हेडफोन लावून एकट्याने ऐका. तरी पण बाहेर.

एडी व्हॅन हेलनला मात्र मी यादीत घेणारच, ‘बीट इट’साठी. मायकल जॅक्सनचं गाणं, १९८२. रॉक नाही म्हणून कोणी उडी मारेल, त्यांनी तो रिफ, गिटारची ती परत परत येणारी ओळ, पुन्हा ऐकावी. एडीने त्या सोलोचे पैसे घेतले नाहीत हे सगळे सांगतात, पण खरी गोष्ट पुढेच आहे. सोलोच्या खाली जो भाग ठेवला होता तो त्याला रुचला नाही, म्हणून त्याने इंजिनिअरकडून गाण्याची मांडणीच बदलून घेतली आणि मग वाजवलं. हा ज्याला तुम्ही वेगाचा देव मानता तो माणूस. बोटं चालवायच्या आधी त्याने खालचे कॉर्ड बघितले.

बोहेमियन ऱ्हॅप्सडीला याद्यांत नेहमी विशीच्या आसपास कुठेतरी बसवतात, छोटा आहे म्हणून. गिटारिस्ट ब्रायन मे, १९७५. वडिलांबरोबर घरी बनवलेली गिटार, जुन्या फायरप्लेसचं लाकूड वापरून, आणि पिकऐवजी सहा पेन्सचं नाणं. त्या सोलोत तो गायक फ्रेडी मर्क्युरीची चाल परत वाजवत नाही, नवीच चाल आणतो जी गाण्यात दुसरीकडे कुठेही नाही, आणि ती संपते तिथून गाणं सरळ ऑपेरात उडी घेतं. बॅलडमधून ऑपेरात जायचं म्हणजे केवढा खड्डा, तो ब्रायन मेने काही सेकंदांत भरलाय. आणि फ्रेडी तर पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला, निदान आपल्या महाराष्ट्रातल्या याद्यांनी तरी या गाण्याला जरा वर घ्यायला काय हरकत होती.

फ्री बर्डवाले चिडणार आहेत, चिडू देत. लिनर्ड स्किनर्ड बँडचं १९७३ चं गाणं, सोलो चार मिनिटांहून मोठा, गिटारवर ॲलन कॉलिन्स. मैदानात ऐकायला दुसरं काही त्याच्याइतकं भारी नाही. पण घरी बसून ऐकलं की वाटतं यातलं एखादं मिनिट काढलं तरी कोणाला पत्ता लागणार नाही. कम्फर्टेबली नंबमधला एक बार काढून बघा, लगेच पाय अडखळतो. म्हणून माझ्याकडे फ्री बर्ड पहिल्या दहात आहे पण दहावा.

गन्स अँड रोझेसच्या नोव्हेंबर रेनची तक्रार कम्फर्टेबली नंबसारखीच, तीन सोलो आहेत, कुठला ते लिहा. मे २०२५ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स अँड रोझेस आले तेव्हा माझ्या शेजारी एक पोरगा होता, नुकतं मिसरूड फुटलेलं, हे गाणं आलं तेव्हा तो जन्मलाही नसेल. त्यांचा गिटारिस्ट स्लॅशने पहिला सोलो सुरू केला तसा तो डोळे मिटून सूर न सूर ‘नाऽ नाऽ’ करत गायला लागला, शब्द गावेत तसा, प्रत्येक खेचलेल्या तारेसकट. थोड्या वेळाने आजूबाजूचे पण. हा माझ्यासाठी कुठल्याही पोलपेक्षा मोठा पुरावा आहे. बोटं किती पळाली ते कोणाला आठवत नाही, गाता येतं ते राहतं.

आणखी एक, थोडक्यात पण मनापासून. तुमच्या याद्यांत बायका नाहीत. सिस्टर रोझेटा थार्प हे नाव किती याद्यांत बघितलंत? रॉकला रॉक हे नाव पडायच्या आधीपासून ती इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवून गॉस्पेल, म्हणजे चर्चची भक्तिगीतं, वाजवत होती. १९६४ मध्ये मँचेस्टरला एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर, पावसाळी हवेत, कोट घालून तिने जे वाजवलंय त्याचं फिल्मिंग आहे, बघा. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमला तिला आत घ्यायला २०१८ उजाडलं. सुरुवातीच्या रॉक अँड रोलवाल्या चक बेरीला यादीत घेता ना, घ्यायलाच पाहिजे, मग त्याच्या आधीचं पान पण उघडा.

आणि मुंबईच्या याद्यांत मुंबई कुठे आहे? धोबीतलावच्या रंगभवनच्या खुल्या रंगमंचावर इंडिपेन्डन्स रॉक हा फेस्टिव्हल ऐकत एक आख्खी पिढी मोठी झाली, रॉक मशीन बँडचे पुढे इंडस क्रीड झालेले आपण बघितले, त्यांचा गिटारिस्ट महेश तिनईकर हे नाव तेव्हा गिटार शिकणाऱ्या मराठी पोरांसाठी केवढं होतं ते त्या पोरांना विचारा. झीरो बँडमधला, आणि नंतर ब्लॅकस्ट्रॅटब्लूजमधला गिटारिस्ट वॉरन मेंडोन्सा एक सूर किती वेळ धरायचा हे ज्या समजुतीने ठरवतो तसं ठरवणारे जगात पण थोडेच आहेत. यांना हेंड्रिक्सच्या शेजारी बसवा असा माझा हट्ट नाही. पण मुंबईतल्या सोलोंची एक वेगळी यादी करा, जुन्या कॅसेटी, सीडी, लाइव्ह रेकॉर्डिंग जे काही कपाटात पडलंय ते काढा. रंगभवन बंद झालं, काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे रेकॉर्डचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं, आता आपण नाही लिहून ठेवलं तर कोण ठेवणार.

आता माझा पहिला नंबर. ऑल अलाँग द वॉचटॉवर, जिमी हेंड्रिक्स, १९६८.

मूळ गाणं बॉब डिलनचं, १९६७ च्या शेवटी आलेलं, अकूस्टिक गिटार, हार्मोनिका, अडीच मिनिटांत खलास. हेंड्रिक्सने ते लगेच पुढच्या महिन्यात रेकॉर्ड करायला घेतलं. आख्ख्या गाण्याला कॉर्ड तीन, सी शार्प मायनर, बी, ए आणि परत बी, पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत बदल नाही. गाण्यात तीन कडवी. पहिल्या दोन कडव्यांत नुसतं बोलणं आहे, विदूषक आणि चोर एकमेकांशी बोलतायत. तिसऱ्यात एकदम दृश्य बदलतं, बुरुज, पहारा, लांबून येणारे दोन घोडेस्वार, वारा. आणि मोठा सोलो कुठे आहे? बरोबर या दोनांच्या मध्ये. पावणेदोन मिनिटांच्या सुमाराला सुरू होतो आणि त्याचे चार सरळ सरळ भाग पडतात. पहिल्यात स्वच्छ, सुटसुटीत ओळी, अजून कोणी तरी बोलतंय अशा. दुसऱ्यात स्लाइड, म्हणजे तारेवर वस्तू घसरवत वाजवणं, त्यासाठी लायटर वापरला असं सांगतात, सूर घसरत घसरत लांबून येतात, मागे एको, एकदम मोकळं माळरान. तिसऱ्यात वाह पेडल, पायाने दाबून आवाज ‘वा-वा’ असा वळवणारं यंत्र, गिटार अक्षरशः बोलायला लागते पण माणसाच्या भाषेत नाही. आणि चौथ्यात तो सिंगल नोट सोडूनच देतो, नुसते कॉर्ड खरडत वर वर चढवत नेतो, लीड गिटारिस्ट सोलोच्या टोकाला पोचल्यावर ऱ्हिदम, म्हणजे साथीचे कॉर्ड, वाजवतोय! कोण करतं असं? आणि त्या चढणीच्या माथ्यावर गायक येतो ते थेट बुरुजावरच. संभाषणातून तुम्हाला उचलून बुरुजावर नेऊन ठेवलं, आणि खाली कॉर्ड तेच तीन. मग शेवटी गाणं संपल्यावर वरच्या सुरात जी गिटार वाजत राहते ती ऐका, शब्दांत वारा आलाच आहे, ती गिटार तोच वारा पुढे चालवते. डिलनने पुढे स्वतःचंच गाणं हेंड्रिक्सच्या वळणाने वाजवायला घेतलं, यापेक्षा मोठी दाद कुठली असते.

बाकीचा क्रम असा, दुसरा कम्फर्टेबली नंबचा शेवटचा सोलो, तिसरा हॉटेल कॅलिफोर्निया, चौथा समथिंग, पाचवा स्टेअरवे, मग बोहेमियन ऱ्हॅप्सडी, सुल्तान्स ऑफ स्विंग, टीन स्पिरिट, बीट इट, आणि दहावा फ्री बर्ड. नोव्हेंबर रेनचा पहिला सोलो अकरावा, त्याच्यावर आणि फ्री बर्डवर माझं आणि माझ्या भावाचं अजून जमलेलं नाही. हा क्रम पटला नाही तर खुशाल फाडा, पण फाडताना कारण द्या.

तुमच्याकडून मागणं इतकंच आहे. पुढची यादी करताना प्रत्येक नावापुढे कुठलं रेकॉर्डिंग, स्टुडिओ की लाइव्ह, आणि कितव्या मिनिटाला सुरू होणारा सोलो ते लिहा. नुसतं वाजवण्यासाठी केलेल्या रचनांची यादी वेगळी करा. क्विझवाल्यांनो, सोलोची क्लिप वाजवाल तेव्हा आधीचं एक कडवं तरी वाजू द्या. क्लासच्या सरांनो, पोराला टॅब (कुठली तार कुठे दाबायची ते लिहिलेला कागद) देण्याआधी त्या गाण्याचे कॉर्ड वाजवायला लावा आणि सोलो तोंडाने गाऊन घ्या. आणि जजेस, या डिसेंबरमध्ये परत फेस्ट सुरू होतील, परत कोणी तरी मुलगी समथिंग वाजवेल. तिच्या मार्कांच्या कागदावर ‘गाण्यात बसलं का’ असा एक रकाना असू द्या आणि त्याला वेगाच्या रकान्याहून जास्त मार्क ठेवा.

आपला,
गिरगावातला एक रॉकवाला